प्राणीरक्षकाचं काम आणि संकटग्रस्त प्राण्यांचं प्रजनन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळा-कॉलेजांत प्राणीसंग्रहालयाच्या कामाबद्दल बोलून आलं की पुढचे कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर आणि मेलवर प्रश्न येत राहतात. विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एका जागी आणले आहेत. सुरुवातीला नोकरीबद्दलचे आहेत, मग प्रजननाचे, आणि शेवटी जरा अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्राणीरक्षक दिवसभर नेमकं करतो काय?

साफसफाई, खाणं आणि निरीक्षण. पहिली दोन कामं लोकांना दिसतात, तिसरं दिसत नाही, आणि सगळा भार त्या तिसऱ्यावर असतो.

सकाळी दारं उघडण्याआधी मोजणी होते. काल संध्याकाळी जेवढे आत घेतले तेवढे आहेत का, सगळे उठून उभे राहतात का, कोणी कळपापासून बाजूला बसलंय का. मग कालच्या खाण्यातलं काय उरलं ते बघायचं. मग विष्ठा: पातळ आहे का, रंग बदललाय का, दाणे न पचताच बाहेर पडलेत का. हे सगळं नोंदवहीत जातं. रानटी प्राणी आजार लपवतो. अशक्त दिसला तर जीवावर बेतेल हे त्याच्या रक्तातच असतं आणि ते पिंजऱ्यात जन्मलेल्यालाही सुटत नाही. डॉक्टरांना लक्षण दिसतं तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो. 'सांबर पाल्याला तोंड लावतं, पण चावताना मान एका बाजूला कलंडते' असं वाक्य रोज त्याच्यासमोर उभं राहणाराच लिहू शकतो, आणि त्या एका वाक्यावरून दाढेचं दुखणं वेळेत सापडतं.

दुपारी प्राण्यांना गुंतवून ठेवणं. आम्ही त्याला एन्रिचमेंटच म्हणतो. मांस ओंडक्याच्या पोकळीत लपवायचं, अस्वलाला मध भोकांतून काढायला लावायचा, नवा वास आणून ठेवायचा. संध्याकाळी सगळ्यांना रात्रीच्या खोल्यांत घ्यायचं, कुलपं ओढून बघायची आणि पुन्हा मोजणी.

२. मुंबईत ही नोकरी कुठे मिळते? शिक्षण किती लागतं?

मुख्य जागा दोन. भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, महापालिकेची आहे. तिथली भरती महापालिकेच्या जाहिरातीतून होते आणि काही विभागांची देखभाल कंत्राटावर दिलेली असते, त्यामुळे कंपनीमार्फतही काम मिळू शकतं. दुसरी जागा बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ते वनविभागाकडे आहे. तिथे व्याघ्र आणि सिंह सफारी आहे आणि वन्यप्राण्यांची सुटका करणारं पथकही आहे. वनविभागात जायचं तर बारावीनंतर वनरक्षकाची परीक्षा हा सरळ रस्ता.

प्राणीरक्षकाला, म्हणजे कीपरला, मोठी पदवी लागतेच असं नाही. प्राणिशास्त्रात बीएस्सी असेल तर नोंदी, आहार, प्रजनन या बाजूला पुढे सरकायला मदत होते. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ पासून चालू आहे. प्रवेश नीटमधून, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पण वन्यप्राण्यांजवळ काम करायचं म्हणून डॉक्टरच व्हायला हवं हा समज सोडून द्या. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडतं.

३. मला प्राणी जवळ घ्यायला, कुरवाळायला खूप आवडतं. हे काम माझ्यासाठी आहे का?

हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली विचारतात. त्यांना मी हिरमुसवू इच्छित नाही, पण खरं सांगायलाच हवं. चांगला कीपर प्राण्याला शक्य तितका कमी हात लावतो. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला प्राणी स्वतःच्या जातीशी वागायला विसरतो, पुढे जोडीदाराला ओळखत नाही आणि पिल्लं वाढवत नाही. प्राण्यावरचं प्रेम इथे त्याची जागा कोरडी ठेवण्यात, पाणी बदलण्यात आणि उन्हात तासभर गप्प उभं राहून त्याच्याकडे बघण्यात दिसतं. ते आवडत असेल तर जरूर या. कुरवाळायचंच असेल तर भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना हातांची फार गरज आहे.

४. वाघाच्या पिंजऱ्यात आत जाता का?

नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल असताना कोणीही आत पाऊल टाकत नाही. आधी प्राणी मागच्या खोलीत घ्यायचा, वरून सरकणारं लोखंडी दार पाडायचं, ते खरंच खाली टेकलंय का हे डोळ्यांनी बघायचं, प्राणी पलीकडे आहे हे पुन्हा डोळ्यांनी बघायचं, कुलूप घालायचं आणि मगच आत. या कामाला दोघं लागतात, कारण वर्षानुवर्षं रोज तेच केलं की हात आपोआप चालतात आणि डोकं दुसरीकडे असतं. अपघात नवख्याच्याच हातून होतात असं नाही, सरावलेल्याच्या हातूनही होतात.

इंजेक्शन किंवा रक्त तपासणीसाठीही आता प्रत्येक वेळी बेशुद्ध करावं लागत नाही. मांसाचा तुकडा देत देत वाघाला जाळीला चिकटून बसायला, शेपूट बाहेर द्यायला शिकवता येतं. महिनोन्‌महिने लागतात, पण एकदा जमलं की त्याच्या जिवाचा धोका फार कमी होतो.

५. सणासुदीला, पावसात सुट्टी मिळते का?

पाळीपाळीने. बुधवारी राणीची बाग लोकांना बंद असते, प्राण्यांचं पोट बंद नसतं. लोकल ठप्प होतात त्या दिवशीही कोणीतरी पोचलेलं असावंच लागतं, म्हणून अशा रात्री बरेच जण घरी न जाता तिथेच थांबतात. घरच्यांना आधी कल्पना द्या.

६. प्राणीसंग्रहालयात पिल्लू झालं म्हणजे संवर्धन झालं का?

नाही, आणि हा गैरसमज दूर झाला तर बाकीची उत्तरं सोपी होतील. चितळाला पिल्लू होणं हा दाणापाणी नीट असल्याचा परिणाम आहे. चितळ तर इतके वाढतात की नर आणि माद्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. संवर्धन प्रजनन म्हणजे ज्या जातीचं जंगलात टिकणं अवघड झालंय तिचा असा साठा सांभाळणं, ज्यात आनुवंशिक वैविध्य शिल्लक आहे, अंगात रोग नाही आणि वागणं रानटी आहे. त्यात किती जन्मले यापेक्षा कोणापासून जन्मले हे महत्त्वाचं.

आपल्याकडे हे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, प्राधिकरण १९९२ पासूनचं. प्रत्येक निवडलेल्या जातीसाठी एक समन्वयक प्राणीसंग्रहालय असतं आणि बाकीची सहभागी. लाल पांडाचं काम दार्जिलिंगकडे, सिंहपुच्छ वानराचं चेन्नईजवळच्या वंडलूरकडे. ही केंद्रं बहुतेक वेळा प्रेक्षकांपासून दूर, बंद आवारात असतात. 'आम्हाला बघायला का देत नाही' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच, की तुम्हाला न दिसणं हाच त्या प्राण्याचा फायदा आहे.

७. जोडी कोण ठरवतं आणि कशी?

लग्न जमवताना गोत्र बघतात, तसं इथे नातं बघतात, आणि फार काटेकोरपणे. प्रत्येक प्राण्याचा क्रमांक, जन्म, आई-बाप, बदल्या आणि मृत्यू हे सगळं वंशावळीच्या नोंदवहीत, म्हणजे स्टडबुकमध्ये असतं. त्यावरून गणित मांडलं जातं की या प्राण्याचे नातेवाईक एकूण साठ्यात किती आहेत. ज्याचे नातेवाईक सगळ्यात कमी, त्याला पहिला मान. ज्याची दहा-बारा पिल्लं आधीच ठिकठिकाणी पोचलीत तो कितीही देखणा, धडधाकट असला तरी त्याला थांबवतात. नवख्यांना हे उलटं वाटतं. पण एकाच नराचं रक्त सगळीकडे पसरलं तर दोन-तीन पिढ्यांत सगळी चुलत-मावस भावंडंच उरतात, आणि मग अशक्त पिल्लं, वांझपणा, एकाच साथीत सगळे जाणं हे ओघाने येतं.

जोडीदार दुसऱ्या शहरातून आणायचा तर प्राधिकरणाची परवानगी लागते. खरेदी-विक्री नसते, मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्ये देवाणघेवाण होते. २०२२ मध्ये बोरिवलीहून वाघांची जोडी जुनागढच्या सक्करबागेत गेली आणि तिथून आशियाई सिंहांची जोडी मुंबईत आली, ती अशीच. आलेला प्राणी आधी वेगळ्या खोलीत, निदान ३० दिवस. तिथला कीपर वेगळा, बुटं वेगळी, बादल्या वेगळ्या.

८. नर-मादी एकत्र ठेवले तरी पिल्लं का होत नाहीत?

कारणं पुष्कळ. वाघ-बिबट्यांमध्ये मादी माजावर नसताना नर सोडला तर जीव जाऊ शकतो, म्हणून आधी कित्येक दिवस मधे जाळी ठेवून दोघांना एकमेकांचा वास आणि आवाज देतात. जाळीला अंग घासणं, नाकातून फुरफुरल्यासारखा मवाळ आवाज काढणं, लोळणं ही खूण कीपरने पकडायची आणि दार कधी उघडायचं ते सांगायचं. चित्त्यात मादीला नराची निवड लागते, एकच नर समोर ठेवला तर ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही असं होतं. पक्ष्यांमध्ये घरट्याची जागा पसंत नसते. कधी मागून बांधकामाचा आवाज येत असतो. कधी आहारात एखादं जीवनसत्त्व कमी असतं.

आणि कधी काहीच कळत नाही. दोन-तीन हंगाम वाट बघून जोडी बदलावी लागते. ज्यांना लगेच फळ हवं असतं त्यांची इथे फार घुसमट होते.

९. मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन कशाला? आणि त्यांचं प्रजनन कसं करतात?

राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. ते बर्फातले नाहीत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरी तिथला समुद्र थंड असतो, म्हणून भायखळ्याचं त्यांचं दालन साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवतात. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ आले, त्यातला एक त्याच वर्षी गेला. संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत ही जात 'असुरक्षित' गटात आहे, कारण त्यांच्या घरट्यांच्या जागेतलं ग्वानो, म्हणजे साठलेली विष्ठा, खतासाठी खरवडून नेली, मासेमारीने खाणं घटलं आणि एल निनोच्या, म्हणजे समुद्र तापण्याच्या, वर्षांत मासे खोल जातात.

मुंबईसाठी त्यांना आणावं की नाही यावर मतभेद झाले आणि ते होणं योग्यच होतं. पण आता जे आहेत त्यांची निगा उत्तम राहिलीच पाहिजे, यावर दुमत नसावं.

प्रजननाबद्दल. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि आई-बाप दोघंही पाळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरला की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ते दिसलं तर जीव धरलाय, नाही दिसलं तर अंडं पोकळ. खाण्यातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण या कामाचा पोत त्यातच कळतो. गोठवलेल्या माशातलं बी-१ जीवनसत्त्व नासतं. म्हणून मासा पूर्ण वितळवायचा, त्याचा कल्ला अंगठ्याने उचलायचा, गोळी आत सरकवायची, कल्ला दाबायचा आणि मासा डोक्याकडून पेंग्विनच्या चोचीत द्यायचा. शेपटीकडून दिला तर खवले घशात अडतात. गोळी कोणी गिळली आणि कोणी टाकली ते पंखावरच्या रंगीत पट्टीवरून टिपायचं. हे रोज, प्रत्येकासाठी.

मुंबईतलं पहिलं पिल्लू १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलं आणि आठवड्याभरात दगावलं. पहिल्यांदा आई-बाप झालेल्या जोडीत असं बरेचदा होतं. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्लं जगली.

१०. आईने पिल्लू टाकलं तर हाताने वाढवता का?

शक्यतो नाही. आधी खरंच टाकलंय का ते बघतो. चितळाचं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून असतं आणि आई मुद्दाम लांब चरते. ते 'सोडलेलं' नसतं. बोरिवली-येऊरच्या कडेला राहणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण असं पाडस किंवा उसाच्या फडातला बिबट्याचा बछडा उचलून आणणं म्हणजे त्याची आई तोडणं.

खरंच टाकलं असेल, तर वजन, तापमान आणि आईची वागणूक बघून डॉक्टर ठरवतात. जात दुर्मिळ असेल तर हाताने वाढवतो, पण माणसाची सवय लागू नये अशी काळजी घेतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडोर या गिधाडाची पिल्लं त्याच्याच तोंडासारख्या हातमोज्यातून भरवली गेली. १९८७ मध्ये त्या जातीचे सगळे २७ पक्षी बंदिवासात होते. आज त्यांचे थवे पुन्हा मोकळ्या आकाशात आहेत. माणसाचा लळा का लागू द्यायचा नाही ते प्रश्न ३ मध्ये आहे.

११. पांढरे वाघ तर किती दुर्मिळ! त्यांचं प्रजनन का करत नाही?

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. आपल्याच वाघातला एक रंगदोष आहे. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला आणि पुढे त्याच्याच मुलीशी त्याची जोडी लावून पांढरी पिल्लं मिळवली गेली. जगभरातले बहुतेक पांढरे वाघ त्या घराण्यातले. सख्ख्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावल्याने तिरळेपणा आणि इतर दोष येतात. बोरिवलीचा बाजीराव बऱ्याच मुंबईकरांना आठवत असेल. त्याच्यावर जीव लावणं साहजिक होतं, पण वाघ वाचवण्याच्या कामात पांढऱ्या रंगाला काहीच स्थान नाही. त्यांना सुखाने म्हातारं होऊ द्यावं, वाढवू नये.

१२. म्हणजे काही प्राण्यांना मुद्दाम पिल्लं होऊ देत नाही?

हो, आणि तेही संवर्धनच. आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर पूर्वी आपल्या काही संग्रहालयांत झाला. असे संकरित सिंह नियमाप्रमाणे पुढे वाढवता येत नाहीत, म्हणून नरांची नसबंदी करतात किंवा नर-माद्या वेगळे ठेवतात. ज्यांचे नातेवाईक भरपूर आहेत त्यांचंही तसंच (प्रश्न ७). जागा मर्यादित आहे. एका नको असलेल्या जन्मामुळे एका हव्या असलेल्या जन्माची खोली जाते.

१३. इथे जन्मलेले प्राणी जंगलात सोडता का?

जातीवर अवलंबून. राणीच्या बागेत २०२१ मध्ये जन्मलेली वाघीण वीरा जंगलात सोडता येणार नाही. शिकार तिला आईकडून शिकायला मिळालेली नाही आणि माणसाची भीती तिला नाही. अशी वाघीण गावात शिरेल आणि त्यात तिचा आणि माणसांचाही जीव जाईल.

पण आसामात पिग्मी हॉग या इवल्याशा रानडुकराचं काम बघा. १९९६ मध्ये तिथल्या मानस राष्ट्रीय उद्यानातून सहा प्राणी पकडून सुरुवात झाली, २००८ पासून सोडायला लागले आणि आजवर दीडशेहून जास्त गवताळ रानांत परतलेत.

गिधाडांचं काम तर मुंबईच्या अगदी जवळचं, कारण ते १८८३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) हरियाणा सरकारसोबत पिंजोरला उभं केलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. कारण सापडलं: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मग पहिलं अंडं काढून यंत्रात उबवलं की काही जोड्या दुसरं घालतात, अशी युक्ती करून संख्या वाढवली. २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

१४. हा सगळा पैसा जंगल वाचवायला वापरला तर?

विचारणाऱ्याचा राग मला समजतो आणि अर्धा पटतोही. ज्या कारणाने जात संपतेय ते तसंच ठेवून पिंजऱ्यात पिल्लं वाढवणं व्यर्थ आहे. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या तशाच औषधांवर आली. त्या बंदीशिवाय पिंजोरचं एकही गिधाड बाहेर जगलं नसतं.

पण माळढोकाकडे बघा. सोलापूरच्या नान्नजला एके काळी सहज दिसणारा हा पक्षी. माळरानं गेली, विजेच्या तारांना धडकून मेले. जैसलमेरजवळ २०१९ पासून रानातली अंडी आणून उबवायला सुरुवात झाली आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. तारा जमिनीखाली घालायला जितकी वर्षं लागतील तितकी वाट बघायला तो पक्षी उरायला तर हवा. तेवढ्यापुरतं प्रजनन केंद्र लागतंच.

१५. मी गरोदर असताना हे काम करू शकते का? सर्दी-खोकला असेल तर?

दिवस राहिल्याचं कळताच वरिष्ठांना आणि डॉक्टरांना सांगा. मांजरकुळाच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो बाळाला घातक असतो, म्हणून वाघ-बिबट्यांची सफाई तेवढ्या काळापुरती दुसऱ्याने करायची. आहार, नोंदी, निरीक्षण करता येतं. संकोचाने लपवू नका.

सर्दी-खोकला असेल तर माकडांच्या विभागात जाऊ नका, आपला फ्लू आणि क्षयरोग त्यांना होतो. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी. घरी कुत्रा असेल तर त्याची डिस्टेंपरची लस चुकवू नका. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये त्याच विषाणूने बळी घेतले.

१६. मी घरी स्टार कासवं किंवा पोपट वाढवून या कामाला हातभार लावू शकतो का?

नाही. स्टार कासव आणि आपला हिरवा पोपट दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे. शिवाय घरातल्या जोडीची वंशावळ कोणाकडेच नसते, त्यामुळे ती पिल्लं प्रजननात घेता येत नाहीत. परदेशी जातींचं वेगळं: मकाव, इग्वाना, बॉल पायथन यांच्यासारखे कायद्याच्या सूचीतले प्राणी पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे, आणि त्यांना पिल्लं झाली किंवा ते मेले तरी कळवायचं आहे.

तुमच्याकडे आधीपासून देशी पोपट किंवा कासव असेल तर ते आरेत किंवा नॅशनल पार्कात नेऊन सोडू नका. ते उपाशी मरतं किंवा तिथल्या प्राण्यांना रोग देतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जखमी पक्षी किंवा साप सापडला तरी हाच क्रमांक. पथक येईपर्यंत पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, आणि चोचीत पाणी ओतू नका.